जयवंतीचा नंबर

जयवंतीचा चष्मा तिच्या डोळ्यांवर कमी आणि जेवणाच्या डब्यात जास्त असायचा. खर्डीच्या शाळेत शिक्षिका म्हणून बदली झाल्यावर मी तिच्या घरची मागची खोली भाड्याने घेतली होती. एकदा तिच्या आईने दिलेला डबा मी शाळेत उघडला, तर भाकरीच्या जागी रुमालात गुंडाळलेला चष्मा. संध्याकाळी विचारलं तर म्हणाली, "लावला का नंबर वाढतो, बाई. डोळ्यांना लाड नाय कराचे."

तिला फॉरेस्ट गार्ड व्हायचं होतं. जंगलात लाकडं तोडताना गार्डने आईचा कोयता काढून घेतलेला तिने लहानपणी पाहिला होता. "मी गार्ड झाले का आयला कोण अडवतंय बघू," असं ती म्हणायची, म्हणजे नोकरी लागण्याआधीच वशिला ठरलेला. रोज पहाटे ती बिनचष्म्याची धावायची. एकदा वाटेतल्या म्हशीला "काकी, जरा बाजूला व्हा" म्हणाली, आणि घरी येऊन ते स्वतःच सांगून पोट धरून हसली.

भरतीत चष्म्याशिवाय दूरचं दिसावं लागतं. तिच्याबरोबर धावणाऱ्या एका मुलीने लेसरने डोळ्यांचा नंबर घालवून घेतला आणि ती निवडली गेली. तेव्हापासून जयवंतीचं एकच पालुपद: "नंबर गेला का नंबर लागला."

कल्याणच्या दवाखान्यात मीच तिला घेऊन गेले. मशीनने तिच्या डोळ्याचा रंगीत नकाशा काढला. तो बघून डॉक्टरांनी विचारलं, "डोळे फार चोळतेस का?"

"राब भाजताना सगळीच चोळतात, साहेब." भाताच्या रोपांसाठी आमच्याकडे पालापाचोळा पसरून जमीन भाजतात. तो धूर तिने लहानपणापासून खाल्ला होता, आणि तिच्या डोळ्यांची खाज वर्षभर जात नसे.

चोळून चोळून बुबुळाचा पारदर्शक पडदा पातळ होऊन पुढे येत होता. लेसर केलं तर आहे ती नजरही जाईल, असं डॉक्टर म्हणाले. तो पडदा घट्ट करायचा एक वेगळा उपचार आहे, तो मात्र लवकर करून घ्या.

"त्यानी नंबर जाईल?"

"नाही. पण बहुतेक वाढायचा थांबेल."

जयवंती उठली आणि दाराकडे चालू लागली.

घरी तिचे वडील म्हणाले, "चष्मा ऱ्हाणारच, तर डोळ्याला हात कशाला लावून घ्याचा?" गावात ज्याला त्याला हेच पटलं. मी तिला समजावलं, भांडलेसुद्धा. म्हटलं, अगं, बांध खचायला लागला की आधी तो सावरतात ना?

"शेतात पाणीच नाय, बाई. बांध सावरून काय करू?"

मला तिचा भयंकर राग आला. एवढी हुशार मुलगी, आणि नोकरी मिळणार नाही म्हणून डोळ्यांवरच रुसली होती.

पुढे चष्म्यानेही तिला नीट दिसेना. शहापूरच्या चष्मेवाल्याने हात टेकले, तेव्हा मी तिला ओढतच पुन्हा कल्याणला नेलं. पडदा आता इतका पातळ झाला होता की तो उपचारही करता येणार नव्हता. कधीतरी दुसऱ्या कुणाचं बुबुळ बसवावं लागेल, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवसापासून तिचं धावणं सुटलं. पहाटे ती ओट्यावर नुसती बसून असायची, आणि ते बघवत नसे म्हणून मी मागच्या दाराने शाळेत जायचे.

माझी मुरबाडला बदली झाली. सामान बांधत असताना ती आत आली आणि तिने मोबाइल माझ्या हातात दिला. फॉरेस्टच्या नव्या भरतीची जाहिरात आली होती.

"वाचता का? मना अक्षर लागत नाय."

मी वाचू लागले. शिक्षण, उंची. दृष्टीची अट आली तशी मी अडखळले.

"ती माहीत हाय," ती म्हणाली. "वयाची वाचा."

मी वाचली.

"बसते ना मी अजून?"

"बसतेस," मी म्हणाले आणि मोबाइल तिच्या हातात ठेवला.