आगीची दवंडी आणि ताईचे सासरे

माझ्या ताईच्या सासऱ्यांच्या परवानगीशिवाय त्यांच्या गावात कुणाला मरायचीसुद्धा सोय नव्हती. नागपूरहून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावरचं ते गाव, आणि हे तिथल्या कमिटीचे मेंबर. ऋतू बदलला की कमिटीची दवंडी फिरे. ती कोतवालानं द्यायची. पण कोतवाल ओरडून पुढं निघून जातो, लोकांच्या डोक्यात काही शिरत नाही, अशी यांची खात्री. म्हणून त्याच्या मागोमाग हे स्वतः, छत्री उगारत, दारोदार. पावसाळ्यात "लाकडाच्या ढिगात हात घालू नोका, साप राह्यते!" हिवाळ्यात "शेगडी घेऊन दार लावून झोपू नोका!" लग्नाच्या पंगतीत वाढप्याला अडवून पाणी उकळलंय का, ते विचारत. एकदा नागपुरात गांधीबागेच्या कापडबाजारात लुगडी घ्यायला गेलो, तर कापडाच्या गठ्ठ्यांत बसलेल्या दुकानदारालाच त्यांनी विचारलं, "आग लागली त पळसान कोठून?" दुकानदार हात जोडून उभा, ताई पदरात तोंड लपवून, आणि मी केव्हाच शेजारच्या दुकानात.

कॉलेजला सुट्टी लागली म्हणून एका चैत्रात मी ताईकडे राहिलो होतो. आगीच्या दवंडीचा दिवस. बायका धुणं घेऊन नदीवर गेलेल्या. कोतवाल दारात आला तेव्हा सासरे गोठ्याजवळच्या चुलीवर आंघोळीच्या पाण्याखाली जाळ घालत होते. ते तसेच उठले, मीही मागं निघालो. वारा सुटला होता. चौकात "चूल इझवल्याबिगर घर सोडू नोका!" असं बजावत असतानाच मागं धूर उठला. त्यांना चेवच चढला.

"पाहा! कोन्या बेअकलीचं घर आहे हे?"

कोतवालानं डफ खाली ठेवला. "मालक, तुमचंच हाय जी."

गाव घागरी घेऊन धावलं. बैल वाचले, गोठा गेला. पण ठिणग्या शेजारच्या विधवा कोष्टिणीच्या छपरावर पडल्या आणि तिचं घर आणि आतला माग, अर्ध्या विणलेल्या लुगड्यासकट, जळून गेले. ती राखेतून मागाचे खिळे वेचू लागली. तेच त्यांना सोसलं नाही.

सुताराकडून नवा माग करवून त्यांनी तो आपल्याच ओसरीत बसवून दिला आणि स्वतः माजघरात शिरले. विहिरीवरसुद्धा मागल्या दारानं जात. ताई "मामंजी, भाजी घ्या" म्हणाली तरी मान वर होत नसे.

ज्येष्ठात शेजारच्या गावी पटकीची साथ आली. पाणी उकळून प्यायची दवंडी घेऊन कोतवाल एकटाच फिरला. कुणी मनावर घेतलं नाही. तो ओसरीत येऊन बसला, "मालक, तुमी चला जी" म्हणाला. सासरे आतूनच नाही म्हणाले. तेव्हा कोष्टिणीनं माग थांबवला.

"आबाजी, जा ना गा. तुमी नाई सांगसान त लोक काहून आयकतीन?"

"कोन्या तोंडानं जाऊ वं?"

"माहा माग जाळला ना, त्याच तोंडानं."

ते गेले. छत्री घेतली नाही. चौकात कोतवालाशेजारी उभे राहिले. "मी चूल पेटती ठेवून आलो होतो," ते म्हणाले. "कोष्टिणीचं घर माह्यापायी जळलं. आता पानी... पानी उकळून प्या, बाप्पा."

इतकं हळू बोलले की लोकांना ओट्यावरून उतरून जवळ यावं लागलं. कुणी हसलं नाही. संध्याकाळी घराघरात चुलीवर पाण्याचे हंडे चढलेले मला दिसले. सासरे मात्र इकडे तिकडे न बघता, खाली मान घालून, भिंतीच्या कडेकडेनं घरी चालले होते.