बोळातली पाटी

आमच्या सदाशिव पेठेतल्या इमारतीतून दवाखान्यात जायचं, तर समोरच्या सोसायटीच्या आवारातला अरुंद बोळ हाच जवळचा रस्ता. ती सोसायटी पाडून नवी इमारत बांधायचं ठरलं. महापालिकेनं परवानगी दिली, पण बोळ सगळ्यांसाठी खुला ठेवायचा, अशी अट घातली. त्या अटीविरुद्ध सोसायटी उच्च न्यायालयात गेली. म्हणणं काय, तर या बोळातून बाहेरचं माणूस कधी गेलंच नाही!

माझं डोकंच फिरलं. दुखरे गुडघे घेऊन मी वर्षानुवर्षं तिथून जातेय, ती काय भूत म्हणून? "अहो, जाऊ द्या, आपण वळसा घालू," शेजारी म्हणाले. म्हटलं, "तुम्ही घाला. मी नाही घालणार." आणि मी खटल्यात उतरले.

वकिलांनी पुरावा मागितला. तो बोळाच्या भिंतीवरच होता. सोसायटीच्या अध्यक्षांनी हौसेनं रंगवून घेतलेली पाटी: "बाहेरच्यांनी बोळातून मुकाट्याने जावे. गप्पा मारायला आपापली घरे आहेत." इतकी वर्षं ती वाचून माझा संताप व्हायचा. आता मी तिचा फोटो काढून वकिलांना दिला.

न्यायमूर्तींनी तो पाहिला आणि सोसायटीच्या वकिलांना विचारलं, "बाहेरचं कोणी येतच नव्हतं, तर हे सुनावलं कोणाला?"

अट कायम राहिली.

आता नवी इमारत उभी आहे, बोळ आहे, आणि नवी पाटीही आहे: "येथे थांबू नये." मी रोज तिच्याखाली थांबते, पिशवी खाली ठेवते आणि बहिणीला फोन लावते.