एकशे तेराव्या नंबरची रेकॉर्ड

चष्मेवाल्यांनी चाळीस वर्षं लोकांच्या चष्म्यांच्या काचा पुसल्या. दुकान बंद केल्यावर पुसायला काही उरेना, तेव्हा ते घरातल्या एकशे तेरा रेकॉर्डच्या हात धुऊन मागे लागले.

पहिलं यंत्र हाताने फिरवायचं होतं. पाण्याच्या कुंडात रेकॉर्ड उभी अडकवायची, दोन्ही बाजूंना ब्रश, वीस फेरे पुढे, वीस मागे. मग जेवणाच्या टेबलावर रेकॉर्ड वाळत आणि माणसं ताट मांडीवर घेऊन जेवत.

बायकोचा सगळा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेला. कानाच्या डॉक्टरांनी तिला सरळच सांगितलं होतं, ऐकू येणं हळूहळू कमी होत जाणार, आधी बारीक, उंच आवाज जाणार, उपाय नाही. ती रडली-बिडली नाही. तिला फक्त वडिलांची रेकॉर्ड पोटभर ऐकून घ्यायची होती. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या त्या माणसाची ती एकुलती एक रेकॉर्ड.

"अगं, इतकी मोलाची वस्तू धुळीसकट ऐकायची? सुई ती धूळ खाचेत आणखी दाबते. आधी बाकीच्या धुतो, हात बसू दे, मग हिचा नंबर," चष्मेवाले म्हणाले. म्हणून तिचा नंबर एकशे तेरावा.

एकशे चारपर्यंत आले आणि त्यांच्या डोक्यात किडा वळवळला, की ब्रशने सुटलेली घाण पाण्याबरोबर खाचेतच वाळत असणार. मग पाणी शोषून घेणारं यंत्र आलं. यंत्र बदललं म्हणजे आधीचं धुणं बाद, पुन्हा एक नंबरपासून! ते यंत्र पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा वरच्या मजल्यावरचे गृहस्थ भूकंप समजून चपला हातात घेऊन जिना उतरले होते. नव्वदाव्या रेकॉर्डला चष्मेवाल्यांनी वाचलं, की जास्त वेळ शोषलं तर रेकॉर्डवर वीज साठते आणि उलट धूळच ओढते.

तिसरं यंत्र पाण्यात बारीक कंपनं सोडून धूळ उडवणारं. त्याला न्हाणीघर देण्यात आलं आणि माणसांच्या आंघोळीचं वेळापत्रक दारावर लागलं. माहेरी आलेल्या लेकीला शाल बाहेर ठेवून आत यावं लागलं, कारण लोकरीचे तंतू उडतात.

"आज कितवी?" बायको रोज विचारायची.

"एकेचाळीस."

"काल त्रेपन्न होती ना?"

"काल पाणी दोन अंश जास्त तापलं होतं. ते धरायचं नाही."

बाई मोठी सोशीक. दुसरी असती तर यंत्रासकट नवरा बाहेर काढला असता.

एका दुपारी चष्मेवाले यंत्रासाठी शुद्ध पाण्याचा डबा घेऊन परतले, तर दारातच त्यांना करकर ऐकू आली. काय भयंकर करकर! बायको रेकॉर्डप्लेअरजवळ डोळे मिटून बसली होती. मांडीवर एकशे तेरा नंबरचं रिकामं पाकीट.

"बंद कर!" ते तिला ऐकू जाईल असं ओरडले. "करकर ऐकतेस ना?"

"कसली करकर?" तिने डोळे उघडले. तिचा चेहरा इतका फुललेला त्यांनी कैक महिन्यांत पाहिला नव्हता. "स्वच्छ वाजतेय की! मला वाटलंच, तुम्ही गुपचूप धुऊन ठेवली असणार. फार बरं केलंत हो."

चष्मेवाल्यांच्या हातात डबा तसाच राहिला. करकर रेकॉर्डमधून गेलेली नव्हती, ती हिच्या कानांतून गेली होती. यंत्रांच्या नादात आपण हिचे किती दिवस घालवले, या विचाराने त्यांना स्वतःचा संताप आला.

ती बोटांनी गुडघ्यावर ताल धरत होती. क्लॅरिनेटचा सूर चढत चढत अगदी वर गेला, आणि तिची बोटं थांबली. ती वाट पाहत राहिली. सूर खाली आल्यावर बोटं पुन्हा हलली.

"इथे बाबा श्वास घ्यायला थांबतात," ती हसून म्हणाली. "माझ्या लक्षातच नव्हतं."

"हो," चष्मेवाले म्हणाले, आणि डबा खाली ठेवून तिच्याशेजारी बसले.