मोहोराच्या महिन्यातले हत्ती

हत्ती बघायला आफ्रिकेत जायचं आमच्या घरात ठरलं त्याला दीड वर्ष झालं, आणि तारीख काही ठरेना. पासपोर्ट तयार होते. पिवळ्या तापाची लस मुंबईला जाऊन कुठे घ्यायची, तेही मी विचारून ठेवलं होतं. घोडं अडलं होतं ते फक्त आमच्या ह्यांच्यापाशी.

मी रत्नागिरीत तीस वर्षं भूगोल शिकवला. गवताळ प्रदेशांचा धडा आला की फळ्यावर किलिमांजारो काढायचा आणि पायथ्याशी खडूने हत्तींचा कळप. दरवर्षी एखादं कार्टं विचारायचंच, बाई, तुम्ही बघितलायत का? निवृत्त झाले की बघेन, असं मी सांगायचे. निवृत्त झाले आणि डोळ्यांनी दगा दिला. डाव्याचा पडदा कामातून गेलाच होता. उजव्याचं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की औषध चालू ठेवू, पण दोनेक वर्षांपलीकडचं सांगता येत नाही, बघायचं ते बघून घ्या. परत येताना रिक्षातच मी केनिया म्हटलं, आणि हे लगेच हो म्हणाले. तिथेच मला संशय यायला हवा होता.

कारण आंबेवाल्याच्या वर्षात बारा महिने असतात आणि एकही रिकामा नसतो. एप्रिल-मेमध्ये पेट्या भरायच्या, तेव्हा विषयच काढायचा नाही. मग भाताची लावणी. ऑगस्ट-सप्टेंबर म्हटलं तर गणपतीत घराला कुलूप लावायचं का, असं माझ्याकडे बघून विचारलं, जसं काही मी मूर्ती विसर्जनाआधीच बुडवायला निघाले होते. मार्चमध्ये शिमगा, देवाची पालखी दारात येणार आणि आम्ही घरात नाही म्हणजे गावात तोंड दाखवायला नको. सहलवाल्या मुलीने फोनवर सांगितलं की फेब्रुवारी उत्तम, हवा कोरडी असते, सकाळी सीमेपलीकडचा किलिमांजारोचा डोंगर अगदी साफ दिसतो. मी ते उत्साहाने ह्यांना सांगितलं. हे ऐकून घेतात तरी का, देव जाणे. फेब्रुवारीत मोहोर, फवारण्या आणि माकडं. हा माणूस मोहोराच्या दिवसांत सख्ख्या भाच्याच्या लग्नाला गेला नाही. दिवसभर बागेत फटाके घेऊन माकडांमागे धावायचं आणि संध्याकाळी मला ऐकवायचं की जनावरं बघायला एवढं लांब कशाला जायला हवं. शेजारचेही त्यांच्याच बाजूचे. परवाच मागच्या आळीत बिबट्या कुत्रा उचलून घेऊन गेला, फुकटात, हे मला चार जणांनी तरी सांगितलं असेल.

शेवटी मी हट्टच धरला, तेव्हा ह्यांनी हुकमी पत्ता काढला. ग्रामदेवतेला कौल लावतो, म्हणाले. आमच्याकडे मोठं काही ठरवायचं तर हे करतातच. गुरव मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवतो, आपला प्रश्न घालतो. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. हे गेले आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आले. देव नाही म्हणतो. महिन्याने पुन्हा गेले, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा माझं डोकंच फिरलं. आयुष्यभर ह्या देवापुढे नारळ ठेवले मी, आणि त्याचं माझ्या हत्तींशी काय वाकडं होतं? उजव्या डोळ्याला आता वर्तमानपत्राच्या ओळी वाकड्या दिसायला लागल्या होत्या. कुणाला घाई म्हणून नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच देवळात गेले. गुरव माझा विद्यार्थी. नकाशा भरताना नेहमी चुकायचा, पण खोटं त्याला कधी बोलता आलं नाही. माझी सहल देवाला का खुपते, असं मी त्याला सरळ विचारलं. तो गोंधळला.

"बाई, काकांनी सहलीचं कधी विचारलंच नाही."

"मग तीन-तीनदा येऊन काय विचारलं?"

"तुमचा डोळा राहील का, एवढंच." तो समईची वात सारखी करत बसला. "तिन्ही वेळा डावीकडचीच पडली, बाई."

देवळाची पायरी उतरताना राग कुठे ठेवावा ते मला कळेना. दीड वर्ष मी ह्या माणसाला चिक्कू, हेकट, घरकोंबडा, काय काय म्हटलं होतं. आणि ह्याला वाटत होतं की तारीख ठरवली म्हणजे डोळा जाणार हे आपण कबूल केलं. बरं, मग तसं तोंडाने बोलायला काय झालं होतं? मला पुन्हा संताप आला, आणि रडूही आलं.

घरी आले तर हे पडवीत फवारणीचा पंप उघडून बसले होते. मी देवळात जाऊन आले म्हटल्यावर त्यांचे हात थांबले.

"देवाने तुम्हाला जे सांगितलं ते डॉक्टरांनी मला आधीच सांगितलंय," मी म्हटलं. "मी ते केव्हाच पचवलंय. आता मला महिना सांगा."

त्यांनी पंपाचा वायसर पुसून बाजूला ठेवला.

"फेब्रुवारी," ते म्हणाले.

"आणि मोहोर?"

"माकडं खाऊ देत. तेव्हा डोंगर साफ दिसतो म्हणालीस ना गो."