काटेसावरीची उशी

आज हिंगणघाटला बसची वाट पाहताना सावरीच्या कापसाचा पुंजका बाहीवर येऊन बसला आणि आमच्या चर्चच्या अंगणातली काटेसावर आठवली. ईस्टरआधीच्या उपवासकाळात ती पानं झाडून लालभडक फुलायची, पण फुलांना वास नाही म्हणून ती वेदीवर कधी कोणी ठेवली नाहीत, आणि काट्यांपायी झाड तोडायचंच चाललं होतं. लहानपणी एका रविवारी चर्चमधल्या बायकांनी शिवलेल्या नव्या उशीवर मी गुडघे टेकले, तर ती इतकी मऊ लागली की प्रार्थना सोडून मी शिवणीत बोट घातलं. “आई, याच्यात काय भरलं वं?” मी हळूच विचारलं. डोळे न उघडताच आई म्हणाली, “आपल्या काटेसावरीचा कापूस. काऊन, टोचून राह्यला का?” झाड अजून उभं आहे, आणि कोणी काटेरी माणूस भेटला की माझं बोट अजून शिवण शोधतं.