रशीदभाईंचा तळहात

रशीदभाई आवाज तळहातानं ऐकायचे. दिग्रसच्या जिनिंग कारखान्यात, सरकी काढायच्या घरघराटात, वीस वर्षं मशीनशेजारी उभं राहून त्यांचा डावा कान पुरता गेला होता आणि उजवा, त्यांच्याच भाषेत, ‘मर्जीचा मालक’ होता. अशा माणसाचं गावात रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं, आणि ते चालतही होतं.

आमची ओळख भांडणानं झाली. कापसाच्या त्या पडत्या वर्षांत मी एका खरेदी केंद्रावर तात्पुरती ऑपरेटर होते. आवारात बैलबंड्यांची रांग लागायची आणि चपराशी नंबर पुकारायचा. आमच्या केंद्रप्रमुख साहेबांना आधुनिकतेची भारी हौस. त्यांनी कॉम्प्युटर आणवला, माझ्या आवाजात एक ते पाचशे आकडे आणि दोन-चार ठरावीक सूचना रेकॉर्ड करून घेतल्या आणि चपराशाला चहा आणायला मोकळं केलं. बटण दाबलं की आवारातल्या भोंग्यातून मी बोलायची. निदान आमचा तसा समज होता. बाहेर ऐकू यायची ती नुसती घरघर आणि तिच्या पोटात कुठंतरी एक बाई. नंबर चुकला की बंडी रांगेच्या शेवटी, हा नियम मात्र ठणठणीत होता.

एका सकाळी खिडकीत पांढरी दाढी दिसली.

“ताई, एकशे त्रेचाळीस काहून नाही पुकारला?”

“पुकारला, भाई. तीनदा.”

“मले नाही आयकू आला. मी बहिरा हाओ, कबूल. पन एकशे बेचाळीसवाला तं बहिरा नाही ना? त्याले बी नाही आला!”

दुकानाशिवाय त्यांचं तीन एकर शेत होतं. तिथला कापूस घेऊन ते दोन दिवस रांगेत उभे होते, आणि आता त्यांची बंडी सर्वांत मागं गेली होती. साहेबांनी त्यांना नियम वाचून दाखवला. रशीदभाईंनी तो मान डोलवत ऐकून घेतला, किती ऐकू आला देव जाणे, आणि म्हणाले, “नियम राहू द्या, साहेब. मशीन दाखवा.”

मी लगेच दार उघडलं. त्यात माझाही स्वार्थ होता. सोमवारी यवतमाळहून मोठे साहेब येणार होते, आणि तोवर घरघर गेली नाही तर कॉम्प्युटरसोबत ऑपरेटरही परत पाठवू, असं मला बजावलं होतं.

“पह्यले सगळ्यायले चूप करा,” रशीदभाई म्हणाले. “मंग कोन बोलून राह्यलं ते समजते.” पंखा बंद, ट्यूबलाइट बंद, माझा मोबाइल खोलीबाहेर. मग त्यांनी स्पीकरवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. माझ्याकडून पडद्यावरची आवाजाची सेटिंगं वाचून घेतली. “ह्या माइकचा कान बंद करा. इथं माइक लावलाच नाही, तं हा कोनाचं आयकून राह्यला?” मी तो बंद केला, तशी सूं सूं थांबली. नंतर डबा उघडून त्यांनी साउंड कार्ड काढलं, त्याची टोकं खोडरबरानं घासली आणि दुसऱ्या कार्डाला खेटून असलेलं ते लांबच्या खाचेत बसवलं. “शेजार वाईट असला का मानूस बी खरखरते.” खरखर गेली. उरली एक जाड घूं.

“हे जमिनीचं दुखनं हाय,” असं म्हणून ते अर्थिंगच्या वायरीमागोमाग भिंतीभिंतीनं बाहेर गेले. वायर क्रोटनच्या रंगवलेल्या कुंडीत संपत होती! मागच्या तपासणीआधी आवारात सिमेंट केलं, त्यात अर्थिंगचा खड्डा बुजला, तेव्हा सळई कुंडीत खोचून दिली होती.

“मातीच आहे ना ती?” साहेब म्हणाले.

रशीदभाईंनी कुंडी तिरपी करून खालचं सिमेंट दाखवलं. “मातीच हाय, साहेब. पन तिले खाली जमीन नाही.”

नवं सिमेंट फोडायला साहेबांनी साफ नकार दिला. तेव्हा रशीदभाईंनी सिमेंटच्या पलीकडे, बैलांच्या हौदाजवळ, स्वतः खड्डा खणला. हॉटेलातून मीठ-कोळसा आणून आत भरला, वायर ओढली. “रोज एक बादली टाकत जा, ताई. जमीन सुकली का मशीन पुन्हा कन्हते.” त्या साली रांगेतल्या कुणाच्याच शेताला पाणी नव्हतं. सरकारी अर्थिंगला मात्र रोज एक बादली मिळू लागली.

मी बटण दाबलं. “एकशे अठ्ठ्याऐंशी.” आवारातली सगळी डोकी वळली. माझा आवाज पहिल्यांदाच कुणापर्यंत पोचला होता, आणि मला रडूच आलं.

सोमवारी मोठे साहेब आले, खूश झाले, कुंडीशेजारी फोटो काढून गेले. तासाभरानं वरून हुकूम आला. कापूस भरायला बारदाना नाही, पोती संपली, खरेदी बंद. रशीदभाईंची बंडी तेव्हा रांगेत सहाव्या नंबरवर आली होती.

“चपराशाला सांगू द्या ना, साहेब,” मी म्हणाले.

“त्याचा आवाज गर्दीत विरतो. तुमचा कसा स्पष्ट येतो.”

मी खरेदी बंदची सूचना लावली. रस्त्यावरच्या शेवटच्या बंडीपर्यंत अक्षर न् अक्षर पोचलं.

रशीदभाई खिडकीशी आले. “ताई, मले नीट नाही आयकू आलं. एकडाव आनखी लावा.”

मी त्यांच्याकडे न बघता बटण दाबलं. त्यांनी खिडकीतून हात आत घालून स्पीकरवर ठेवला आणि डोळे मिटले. ‘पुढील सूचनेपर्यंत कापूस खरेदी बंद राहील.’ शेवटपर्यंत ऐकलं.

“साफ हाय,” ते म्हणाले. “घूं नाही, खरखर नाही. सगळं समजलं.” आणि बैल जुंपायला गेले.

तो कापूस पडेल भावानं व्यापाऱ्याकडे गेला. माझी मुदत मात्र वाढली, कारण यंत्रणा उत्तम चालते, असा शेरा मोठे साहेब मारून गेले होते. रशीदभाई त्यानंतरही येता-जाता खड्ड्यात डोकावायचे. “पानी टाकलं का?” एवढंच विचारायचे. त्या दिवसाचा विषय त्यांनी काढला नाही, आणि माफी मागायचं धाडस मला झालं नाही. तीन वर्षांनी ते गेले.

त्यांच्यामुळे माझी नोकरी टिकली, आणि त्या नोकरीत सर्वांत स्पष्ट शब्दांत मी काही केलं असेल तर ते त्यांना परत पाठवणं. केंद्र मोडलं तोवर बंद कॉम्प्युटरवर कापड पडून कितीतरी महिने झाले होते. बादली मात्र मी एकही दिवस चुकवली नाही.