चांदण्यात काढलेला तेजोमेघ

नवी दुर्बीण घरी आली तेव्हा माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांचं निदान होऊन आठवडाही झाला नव्हता.

वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, लोखंडी साचे घडवण्यात आयुष्य घालवून ते निवृत्त झाले आणि त्यांना दूरच्या आकाशाचे फोटो काढायचा नाद लागला. जुन्या, लहान दुर्बिणीला मोबाईल बांधून ते पुंडलिकनगरच्या आमच्या गच्चीवरून चंद्राचे फोटो काढायचे. पण त्यांना तेजोमेघ, ताऱ्यांमधले अंधुक ढग, हवे होते, आणि ते त्या दुर्बिणीला झेपणारे नव्हते. म्हणून त्यांनी नवी मागवली, कॅमेऱ्याची आणि ताऱ्यांबरोबर आपोआप फिरणाऱ्या बैठकीची, माउंटची. ती येईपर्यंतच्या काळात ते घरातच धडकू लागले. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा, टेबलाच्या कडेचा कप दिसायचा नाही. एकदा फाटकातून आत येताना स्कूटर घासली. आम्ही दोघांनीही ते वयावर ढकललं.

डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या तळाशी गाठ आहे आणि ती डोळ्यांच्या नसा दाबते आहे. दोन्ही बाजूंची नजर जवळजवळ गेली होती. समोरचं तेवढं दिसत होतं. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन ठरलं. "नजर राहील ना?" मी विचारलं. "आधी जीव बघू," एवढंच डॉक्टर म्हणाले.

घरी दुर्बिणीचे भाग पलंगावर मांडून हे बराच वेळ नुसते बसून राहिले. पौर्णिमा जवळ आली होती.

"तेजोमेघाला अमावस्या लागती," ते म्हणाले. "पण मला तितकं थांबता यायचं नाय."

"मग?"

"चांदण्यातच काढू. फिल्टर हाय, चंद्राचा उजेड थोडा अडवतो. दुर्बीण चालती का नाय, तेवढं तरी कळंल."

पिशोरजवळ माझ्या चुलतदिरांचं शेत आहे. गाडी मी चालवली, त्यांना आता मनाई होती. रस्ताभर ते मांडीवरची कॅमेऱ्याची बॅग दोन्ही हातांनी धरून होते. पोहोचलो तेव्हा दिवस मावळून गेला होता आणि कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीवर चांदणं पसरलं होतं. इतकं लख्ख, की विहिरीजवळच्या खळ्यावर आमच्या तिघांच्या सावल्या पडल्या.

"वहिनी, एवढ्या उजेडात काय दिसायचं?" दिरांनी मला बाजूला घेऊन विचारलं. ऑपरेशनचं त्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, "दिसेल तेवढं दिसेल, भाऊजी." त्यांनी दुर्बिणीच्या तीन पायांखाली चपटे दगड बसवून दिले आणि बाजेवर जाऊन बसले.

माउंट आधी ध्रुवताऱ्याच्या रोखानं लावावा लागतो. आमच्याकडं ध्रुव खाली असतो, डोंगराच्या कडेला. तो त्यांना सापडला, पण हाताजवळचा स्क्रू सापडेना. लोखंडात आयुष्य गेलेला माणूस, आणि बोटं हवेत चाचपडत होती.

"उजवीकडं," मी म्हटलं. "अजून थोडं. हां, तोच."

"असं लहान पोराला सांगतात," ते म्हणाले.

पहिला फोटो लॅपटॉपवर आला तो नुसता राखाडी, दूध सांडल्यासारखा. "चंद्रानं खाल्लं सगळं," ते म्हणाले. मग फिल्टर बसवला आणि दुर्बीण मृग नक्षत्रावर, बाणाच्या तीन ताऱ्यांखाली नेली. थोड्या वेळानं पडद्यावर लालसर डाग उमटला, पंख पसरल्यासारखा. ते चेहरा पडद्याजवळ नेऊन मान हळूहळू डावीकडून उजवीकडं फिरवू लागले. एका नजरेत अख्खा फोटो त्यांच्या डोळ्यांत मावत नव्हता, तुकड्यातुकड्यानं बघत होते.

"आलं," ते म्हणाले. आवाजात आनंद नव्हता. "आता पुढचे तू काढ."

"मला नाही जमायचं."

"जमंल. तुला कडेचं दिसतं."

मी काढत राहिले. कॅमेरा एकेक फोटो घेत होता आणि ते बाजेवर, दिरांच्या घोंगडीत, माझ्याकडं पाठ करून बसले होते. मग भिंगावर दव धरलं, तारे फुगल्यासारखे दिसायला लागले, आणि आम्ही आवरलं. घरी परतताना फुलंब्री मागं पडल्यावर ते म्हणाले, "शुद्धीवर आलो आन् अंधार असला, तर तू बोलत ऱ्हा. गप बसू नको."

शुद्धीवर आले तेव्हा अंधारच होता. डावा डोळा पूर्ण गेला. उजव्याला खिडकी कुठं आहे एवढं कळतं. मी बोलत राहिले, भाज्यांचं, शेजाऱ्यांचं, काहीही. ते ऐकायचे का, सांगता येत नाही.

घरी आणल्यावर त्यांच्या सांगण्यावरून मी ते फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक चढवले, म्हणजे अंधुक उजेड साठून चित्र ठळक होतं. त्यांनी तोंडानं सांगायचं, मी करायचं. त्यात बरेच दिवस गेले, कारण मध्येच ते कंटाळायचे आणि कूस बदलायचे.

"काय आलं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मधोमध पांढरं आहे, कडेला लाल विरत गेलंय. खालचा कोपरा चंद्रानं धुतलाय, निळसर झालाय."

"तो कोपरा कापून टाक."

"कापला तर एक पंख जातो."

"मंग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

तो फोटो मी कुणाला दाखवलेला नाही. मागच्या अमावस्येला मी विचारलं, "पिशोरला जायचं का?"

"थंडी गेली का?"

"गेली."

"मंग मृग आता लवकर मावळत असंल. पुढच्या वर्षी बघू."

मी भिंग मऊ कापडानं पुसलं, ओल धरू नये म्हणून ठेवलेल्या पुड्या बदलल्या आणि दुर्बीण पलंगाखाली सरकवली. फरशीवर ती घासल्याचा आवाज त्यांनी ऐकला असावा. ते भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. मी दिवा मालवायला उठले, आणि मग लक्षात आलं की त्यांच्यासाठी तो मालवायची फारशी गरज नाही. तरी मालवला.